अमेरिका आणि भारत: न्यूजप्रिंटची आयात

दोन्ही देशांत वर्तमानपत्राचा कागद बराचसा बाहेरून येत आला, पण आयातीच्या चढउतारामागची कारणं अगदी वेगळी आहेत.

अमेरिकेने 1913 मध्ये न्यूजप्रिंटवरचं आयातशुल्क काढलं आणि कॅनडातून कागदाचा ओघ सुरू झाला. 1980 च्या दशकाअखेर तिथला वार्षिक खप सुमारे 1.2 कोटी टन होता आणि त्यातला निम्म्याहून जास्त माल कॅनडाचा. नंतर आयात घसरली ती वाचक आणि जाहिराती इंटरनेटवर गेल्यामुळे. 2018 मध्ये कॅनेडियन कागदावर शुल्क लागलं, तेव्हा लहान गावांतली पत्रं हवालदिल झाली. ऑगस्टअखेर ते रद्द झालं.

आपल्याकडे मात्र आयात किती करायची हे सरकार ठरवत असे. बुऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरची गिरणी 1950 च्या दशकात सुरू होईपर्यंत सगळाच न्यूजप्रिंट परदेशी होता. पुढेही परकीय चलनाची चणचण, म्हणून कोटा. वर्तमानपत्रांवर दहा पानांची मर्यादासुद्धा आली! ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची प्रकाशक कंपनी बेनेट कोलमन हिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये ती रद्द केली. कागदाचा कोटा म्हणजे छापण्याच्या स्वातंत्र्यावरच मर्यादा, म्हणून हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

उदारीकरणानंतर अमेरिकेची आयात उतरत असताना आपली वाढत गेली. 2019 मध्ये 10 टक्के शुल्क लागलं, 2020 मध्ये ते 5 टक्के झालं. लहान मराठी दैनिकांना तेवढंही जड जातं.