एक्ससर्व्ह गेला, मॅक मिनी सर्व्हर आला: आठ महिन्यांच्या वापरानंतर (ऑक्टोबर २०११)

ॲपलने ५ नोव्हेंबर २०१० रोजी सर्व्हर-रूमच्या रॅकमध्ये बसणारा आपला सर्व्हर, एक्ससर्व्ह, बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ३१ जानेवारी २०११ नंतर त्याची विक्री थांबवली. तेव्हापासून वापरणाऱ्यांत सरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूचं म्हणणं, खपतच नव्हता तर कंपनीने तो किती दिवस ओढायचा; मॅक मिनी हा छोटा संगणक घ्या, काम तेच होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सर्व्हर-रूममधून ॲपलनेच आपला पाय काढून घेतला, आता तिथे कुणी मॅक ठेवू देणार नाही. पंचवीस जणांच्या कार्यालयाचं फाइल शेअरिंग, मेल, ओपन डिरेक्टरी (वापरकर्त्यांची नावं-पासवर्ड सांभाळणारी सेवा) आणि टाइम मशीनचा बॅकअप २००९च्या एक्ससर्व्हवरून २०१०च्या मिनी सर्व्हरवर आणून आठ महिने झाले. त्या वापरावरून माझं मत असं: मिनी वेगात कमी पडत नाही, बिघाडाच्या वेळी कमी पडतो. वाद मात्र सगळा वेगावरच चालू आहे.

आधी मिनीचं चांगलं. २.६६ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ, ४ जीबी मेमरी, ७२०० आरपीएमच्या दोन ५०० जीबी डिस्क, आणि स्नो लेपर्ड सर्व्हर (मॅकच्या १०.६ सिस्टिमची सर्व्हर आवृत्ती) अमर्याद वापरकर्त्यांच्या परवान्यासह. अमेरिकेतली किंमत ९९९ डॉलर होती. एक्ससर्व्हची सुरुवातच २,९९९ला होती. काम नसताना मिनी जेमतेम १० वॅट खातो, आणि आवाज इतका कमी की टेबलावर ठेवला तरी चालतो. एक्ससर्व्हच्या पंख्यांसाठी वेगळी खोलीच हवी. पंचवीस जणांच्या मेल आणि फाइलींना हा प्रोसेसर पुरून उरतो. मेमरी मात्र लगेच ८ जीबी करा: खालचं गोल झाकण फिरवलं की दोन्ही स्लॉट समोर येतात, पाच मिनिटांचं काम आहे. ही मेमरी ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारी) नाही, एक्ससर्व्हमधली होती; हिशेबाचा डेटाबेस ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अडचण डिस्कपासून सुरू होते. एक्ससर्व्हमध्ये तीन कप्पे समोरच असतात. मिरर (एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणारी जोडी) तुटला की डिस्कचं मॉड्यूल ओढायचं, नवीन ढकलायचं. मशिन चालूच राहतं आणि वापरणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. मिनीत हेच करायचं तर सर्व्हर बंद करा, झाकण काढा, पंखा सोडवा, अँटेनाची जाळी काढा. एक डिस्क इथे हाताला लागते. दुसरी खराब झाली असेल तर अख्खा लॉजिक बोर्ड मागून सरकवून बाहेर काढावा लागतो. टॉर्क्स टी६ आणि टी८ पाने जवळ हवेत. सवयीच्या हातालाही अर्धा-पाऊण तास लागतो, आणि बारीक वायरींचे कनेक्टर ओढताना बोर्डावरचं सॉकेटच उपटून येण्याची भीती वेगळी.

म्हणून मांडणी आधीच नीट करा. डिस्क युटिलिटीत मिरर सेट बनवताना दोन्ही डिस्क पुसल्या जातात, त्यामुळे हे काम सिस्टिम टाकण्याआधी उरकायचं. मशिनमध्ये डीव्हीडी नाही, बाहेरचा सुपरड्राइव्ह जोडून सुरुवात करा. सेटच्या पर्यायांत आपोआप पुनर्बांधणीवर खूण करा. रोज रेडची (म्हणजे या मिरर जोडीची) स्थिती तपासून ‘डिग्रेडेड’ दिसताच मेल धाडणारी छोटी स्क्रिप्टही बसवा, नाहीतर एक डिस्क मेल्याचं दुसरी मरेपर्यंत कळत नाही. टाइम मशीनचे बॅकअप आतल्या डिस्कवर घेऊ नका. चार-पाच लॅपटॉपांचे बॅकअप एका वेळी सुरू झाले की या लॅपटॉपच्या आकाराच्या डिस्क नुसत्या शोधाशोध करत बसतात आणि मेल रखडते. फायरवायर ८०० वर बाहेरची डिस्क लावली की हा त्रास संपतो. त्या पोर्टची मर्यादा सेकंदाला १०० एमबीच्या आतच राहते, बॅकअपला ती पुरते.

दुसरी उणीव लाइट्स-आउट मॅनेजमेंटची (दुरून यंत्र सांभाळण्याच्या सोयीची), आणि माझ्या लेखी खरं नुकसान हेच. एक्ससर्व्ह पूर्ण गोठला तरी त्याचा व्यवस्थापन-भाग वेगळ्या आयपी पत्त्यावर जिवंत राहतो. घरी बसून बंद-चालू करा, तापमान, पंखे, वीजपुरवठा पाहा. मिनीत यातलं काही नाही. वेक-ऑन-लॅन झोपलेल्या मशिनला उठवतं, गोठलेल्याला नाही. उपाय एकच: नेटवर्कवरून बंद-चालू करता येणारी वीजपट्टी घ्या आणि एनर्जी सेव्हरमध्ये ‘वीज गेल्यानंतर आपोआप सुरू व्हावे’ हा पर्याय चालू ठेवा. तेवढ्याने मशिन उठतं, पण हा वीज तोडून केलेला रीस्टार्ट असतो. जर्नल (बदलांची नोंद) असलेली फाइल सिस्टिम सावरते. डेटाबेस नंतर तपासावेच लागतात.

मॉनिटर न लावता स्क्रीन शेअरिंग अडखळत असेल तर मिनी डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए ॲडॉप्टर जोडून व्हीजीएच्या २ आणि ७ क्रमांकाच्या छिद्रांत ७५ ओहमचा रेझिस्टर बसवा. मशिनला मॉनिटर असल्यासारखं वाटतं आणि ग्राफिक्स चिप कामाला लागते.

वीज. एक्ससर्व्हला दुसरा पॉवर सप्लाय लावता येई. एक यूपीएसवर, एक दुसऱ्या लाइनवर. मिनीला एकच, तोही आत. भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय तो लावूच नका. ६०० व्हीएचा पुरतो, पण यूएसबीने मॅकशी बोलणारा हवा. इथे एक खोच आहे. बॅटरी संपत आली की सिस्टिम स्वतःला थांबवते आणि यूपीएसने वीज तोडावी म्हणून पाच मिनिटं वाट पाहते. यूपीएसने वीज तोडली तर मशिनच्या लेखी ‘वीज गेली’, आणि ती परतल्यावर ते आपोआप उठतं. साधा, न बोलणारा यूपीएस असेल आणि मशिन तुम्ही हाताने व्यवस्थित बंद केलं असेल, तर वीज आल्यावरही ते बंदच राहतं. बसवल्याच्या दिवशीच प्लग काढून ही चाचणी घ्या.

मोठ्या कामासाठी ॲपलने मॅक प्रो सर्व्हर सुचवला होता: चार पीसीआय स्लॉट, ८ जीबी मेमरी, दोन १ टीबी डिस्क, किंमत तीच २,९९९ डॉलर. पण उभे ठेवले तर रॅकच्या १२यू जागेत (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) दोनच बसतात. तेवढ्यात बारा एक्ससर्व्ह बसत. वीजपुरवठा एकच, लाइट्स-आउट इथेही नाही. भाड्याच्या डेटा सेंटरात जागेचा हिशेब यू मध्ये होतो, त्यामुळे तिथे हा पर्याय कागदावरच राहतो. एक्ससॅनवर (ॲपलच्या सामायिक साठवणुकीच्या व्यवस्थेवर) चालणाऱ्या व्हिडिओ स्टुडिओंना मात्र फायबर चॅनेल कार्ड हवं, ते २०१०च्या मिनीत बसत नाही; त्यांना मॅक प्रोच घ्यावा लागेल.

२०११चा क्वाड-कोअर आय७ मिनी जास्त वेगवान आहे आणि त्यात थंडरबोल्ट हे वेगवान पोर्ट आहे. तरी घाई करू नका. तो लायनसह (पुढच्या १०.७ सिस्टिमसह) येतो, स्नो लेपर्ड त्यावर बसत नाही. लायनमध्ये साम्बा (विंडोजशी फाइल शेअरिंग करणारं सॉफ्टवेअर) काढून ॲपलने स्वतःचं एसएमबी घातलं आहे, आणि विंडोज मशिनांसाठी प्रायमरी डोमेन कंट्रोलर (त्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) होण्याची सोय गेली आहे. ज्यांच्याकडे विंडोजचे पीसी मॅक सर्व्हरवर लॉगिन करतात त्यांनी २०१०चं मॉडेल १०.६.८ वर ठेवावं.

‘खप नव्हता’ हे मला मान्य आहे. पण एक्ससर्व्ह कमी खपला तरी त्याच्या भरवशावर कार्यालयातले बाकीचे मॅक खपायचे. व्हर्जिनिया टेकने २००४ मध्ये ११०० एक्ससर्व्ह जी५ जोडून महासंगणक उभारला होता. त्या पेट्यांवर कुणाचा तरी विश्वास होता. स्वतः हार्डवेअर बनवायचं नसेल तर ॲपलने निदान सर्व्हरची सिस्टिम इतर कंपन्यांच्या सर्व्हरवर आभासी मशिनमध्ये चालवायला परवानगी द्यावी. सध्याचा परवाना फक्त ॲपलच्याच यंत्रावर परवानगी देतो, आणि आभासी मशिनांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने मॅक सर्व्हर चालवायची सोय व्हीस्फिअर ५ मध्ये जुलै २०११ मध्ये जाहीर केली ती नेमकी एक्ससर्व्हसाठी, म्हणजे विक्री बंद झालेल्या मशिनसाठी.

ज्यांचा २००९चा एक्ससर्व्ह ठणठणीत आहे त्यांनी तो काढू नये. १६० जीबी, १ टीबी आणि २ टीबीची डिस्क मॉड्यूल २०११च्या अखेरपर्यंत किंवा साठा संपेपर्यंतच मिळणार होती. दोन मॉड्यूल आणि एक जादा पॉवर सप्लाय हाताशी ठेवा.