मान्टू की इग्रा?
घरात कुणाला टीबी निघाला की बाकीच्यांना डॉक्टर बऱ्याचदा मान्टू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) यातली एक तपासणी सांगतात, जंतू अंगात शिरलाय का ते बघायला. जंतू फुफ्फुसातल्या वायुकोशांत शिरला की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्याच पोटात तग धरतो. टी-पेशींना (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) खबर लागून त्या सज्ज होईपर्यंत २ ते ८ आठवडे जातात. दोन्ही तपासण्या याच पेशींची आठवण चाळवतात, म्हणून घाई केली तर दोन्ही फसू शकतात.

मान्टूत हाताच्या कातडीत ०.१ मिली ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं) टोचतात. ४८ ते ७२ तासांनी परत जायचं. लाली बघून घाबरू नका, मोजायचा तो बोटाला लागणारा टणक फुगवटा. स्वस्त आहे, पण बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्यांतही कधीकधी फुगते, आणि आपल्याकडे दंडावर त्या लसीचा वण नसलेला माणूस शोधावाच लागेल.

इग्रात रक्त एकदाच द्यायचं. नळीतली ईसॅट-६, सीएफपी-१० ही टीबीच्या जंतूची प्रथिनं ओळखून टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा हे रसायन किती सोडतात ते मोजतात. बीसीजी लसीतल्या जंतूत ही प्रथिनं नाहीतच. खर्च जास्त, तरी मोठ्या माणसासाठी मी इग्राच निवडेन. टीबी झोपलाय (जंतू नुसता दबून आहे) की जागा (आजार झालाय), हे मात्र दोन्हींना कळत नाही. त्यासाठी एक्स-रे आणि थुंकीची तपासणी.