धरमपेठेतला पेट्रोलियम जिओकेमिस्ट्रीचा वीकेंड क्लास, जिऑलॉजीवाल्यांनी नक्की करा

गेट परीक्षेची तयारी करून राहिले असाल तर हा क्लास सोडू नका. नागपुरात गोंडवानाचा कोळसा सगळेच शिकवतात, पण कच्चं तेल कोणत्या खडकात तयार झालं अन् तिथून कुठे सरकलं हे इतक्या खोलात कोणी सांगत नाही. सर थेट क्रोमॅटोग्रामचे, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून काढलेल्या आलेखाचे, प्रिंट हातात देतात, त्यात सी-१७ (सतरा कार्बनची सरळ साखळी) च्या शिखराला चिकटून प्रिस्टेन, सी-१८ ला चिकटून फायटेन, या दोन्ही हायड्रोकार्बनच्या शिखरांची उंची स्केलनं मोजायची अन् प्रिस्टेन भागिले फायटेन असं गुणोत्तर काढायचं, ३ च्या वर आलं तर बहुतेक जमिनीवरच्या झाडापाल्याचा माल, १ च्या बराच खाली तर ऑक्सिजन नसलेला गाळ, पण मधल्या आकड्यावरून निकाल द्यायचा नाही, स्टेरेन-होपेन (जुन्या जीवांची खूण सांगणारी तेलातली संयुगं) पाहिल्याशिवाय तर नाहीच, हे ते परत परत बजावतात अन् मला तेच सगळ्यात आवडलं. ओलिअनेन हे तसंच एक संयुग दिसलं की सपुष्प वनस्पती, म्हणजे स्रोत खडक साधारण क्रिटेशस (डायनासोरांचा शेवटचा काळ) किंवा त्यानंतरचा.

उदाहरणं आपल्या देशातली. गुजरातमधल्या अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं ते वालुकाश्मात, पण तयार झालं खालच्या कॅम्बे शेल या चिखलाच्या खडकात, हे सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, काढून दाखवलं तेव्हा तेलाचं स्थलांतर म्हणजे काय ते खरंच डोक्यात बसलं.

तक्रार एकच, बेंझोकार्बाझोल या तेलातल्या नायट्रोजनवाल्या संयुगांवरून तेल किती लांब आलं याचा अंदाज कसा घेतात, तो भाग फार घाईत उरकला, त्याला अजून एक दिवस द्यायलाच पाहिजे. फी वाजवी आहे. स्केल अन् कॅल्क्युलेटर सोबत न्या, तिथे मिळत नाही.