कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरपासून सासूबाईंचे आणि माझे डोके जवळजवळ रोज सकाळी ठणकत होते आणि सोबत मळमळही होती. आमच्या घरात अशा तक्रारीला पित्त हे एकच नाव आहे. त्यामुळे सुंठ उगाळून कपाळावर लेप, आल्याचा चहा, रात्रीची वांगी बंद आणि शेवटी पॅरासिटामॉल हा क्रम यथासांग पार पडला. संक्रांतीला चार दिवस गावी गेलो, तिथे तूप लावलेल्या गूळपोळ्या भरपेट खाऊनही कोणाचे डोके दुखले नाही, आणि परतल्यावर दुसऱ्याच सकाळी दुखणे पुन्हा हजर झाले. हे ऐकून आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला ते विचारले आणि मग म्हणाले, “गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे का?”

तो आतच होता, आणि थंडीसाठी खिडकीच्या काचपट्ट्यांवर मीच पुठ्ठा लावला होता. पुरेशी हवा न मिळता गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला मात्र ना वास ना रंग, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही अशा वेळी बहुधा सगळे ठीक असल्याचे दाखवतो. घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर पडल्यावर तो ओसरणे, ही त्याची खूण.

गिझर त्याच दिवशी बंद केला आणि अलार्म आणायला गेले. पहिल्या दुकानदाराने गॅसगळतीचे यंत्र हातात ठेवले. ते वेगळे, त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. दुसरीकडे सुमारे अडीच हजारांत आकडा दाखवणारे, युरोपीय ‘ईएन ५०२९१’ मानकाचे यंत्र मिळाले.

मेकॅनिकने बर्नर उघडण्याआधी यंत्र बाथरूममधल्या खुंटीला टांगले आणि आत कोणी नसताना गिझर चालवला (हा प्रयोग घरी कोणी करू नये). दहा मिनिटांत आकडा ९० पीपीएमवर (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ९० भाग) गेला, तरी भोंगा गप्पच. यंत्र बिघडलेले समजून आमचे हे ते परत करायला निघाले होते. माहितीपुस्तिका, जी केवळ इंग्रजीत आहे, वाचल्यावर उलगडा झाला: या मानकानुसार ५० पीपीएमला भोंगा ६० ते ९० मिनिटांनी, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत वाजतो. माणूस बेशुद्ध पडण्याच्या आत त्याला बाहेर काढणे हे त्याचे काम आहे. रोजच्या सौम्य डोकेदुखीची दखल तो घेईलच असे नाही. म्हणूनच दोन पैसे जास्त गेले तरी आकडा दाखवणारेच यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनआकड्याचे यंत्र त्या दिवशी आम्हाला निश्चिंत करून गेले असते.

बारीकसारीक तक्रारी आहेतच. चाचणीचे बटण दाबल्याने भोंगा तपासला जातो, सेन्सर नव्हे, हे ठळक लिहायला हवे होते. सेन्सरचे आयुष्य मर्यादित असल्याने मागच्या बाजूची तारीख पाहूनच खरेदी करावी. वाफेमुळे ते बाथरूममध्ये कायमचे लावता येत नाही. आम्ही ते बाहेरच्या पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीवर लावले आहे. ते वाजलेच तर दारे-खिडक्या सताड उघडून, गॅस बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावे आणि गरगरत असेल तर थेट रुग्णालय गाठावे, कारण यावर ऑक्सिजन हाच उपचार आहे, लिंबूपाणी नव्हे.

बर्नरची पिवळी पडलेली ज्योत साफसफाईनंतर निळी झाली, तरी गिझर आम्ही मोकळ्या गॅलरीत हलवला. तेव्हापासून यंत्रावर शून्य आहे आणि माझी सकाळची गोळी सुटली आहे. सासूबाईंचे डोके एकादशीला अजूनही दुखते. ते मात्र पित्तच, असे त्यांचे म्हणणे आहे.