ग्रीन टीचं मोठं पाऊच : सात महिन्यांनंतर, झिपसकट

एप्रिलमधल्या परीक्षणात या पाऊचला तीन तारे दिले होते, आता दोनच. चहाचे तारे शाबूत आहेत, कापला तो झिपचा.

250 ग्रॅमचं सुट्या पानांचं पाऊच 450 रुपयांना पडलं. त्याच कंपनीचं 100 ग्रॅमचं 210 ला मिळतं, म्हणजे मोठ्यात ग्रॅममागे 30 पैसे, अख्ख्या पाऊचमागे 75 रुपये वाचतात. टी-बॅगचा हिशोब तर करूच नये असा: 25 बॅगा 165 रुपये, बॅगेत 1.4 ग्रॅम, म्हणजे किलोला 4,700च्या वर. सुटा चहा 1,800 ने. शिवाय बॅगेत बहुतेक भुकटीच. ती झटकन उतरते आणि तितक्याच झटकन कडू होते.

आधी एक शब्द मागे घेतो. एप्रिलमध्ये ‘चहा कडू आहे’ असं लिहिलं होतं. चूक चहाची नव्हती, उकळत्या पाण्याची होती. खळखळत्या पाण्यात कॅटेचिन (चहातले तुरट अँटिऑक्सिडंट) आणि कॅफीन एकदम उतरतात, जीभ आकसते. पाणी 75 ते 80 अंशांवर हवं. थर्मामीटर लागत नाही: 150 मिली उकळतं पाणी आणि 50 मिली माठातलं किंवा साधं पाणी एकत्र करायचं, आधी पाणी आणि मग पानं. दोन ग्रॅमला दोन ते अडीच मिनिटं, वर झाकण. त्याच पानांवर लगेच दुसरं पाणी तीन मिनिटं चालतं. सकाळची पानं संध्याकाळी वापरू नयेत, पावसाळ्यात तर नाहीच.

दोन ग्रॅम म्हणजे किती चमचे, हा आणखी एक घोळ. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्याला दोन ग्रॅम नीट कळत नाहीत. वीस ग्रॅम मोजून घ्या आणि ते किती चमचे भरतात ते बघा. या पानांचे नऊ सपाट चमचे भरले, म्हणजे एक चमचा पुरतो. मोठ्या, मोकळ्या पानांचा तोच चमचा निम्मादेखील भरत नाही.

ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर चहावर पातळ साय धरते, रंग मळकट येतो. तो क्षारांचा आणि चहातल्या पॉलिफेनॉल्सचा (कॅटेचिन ज्यात मोडतात ती तुरट द्रव्यं) संयोग, भेसळ नव्हे. क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचं पाणी घेतलं की जातो. लिंबाचे चार थेंबही चालतात, आंबटपणात कॅटेचिन जास्त टिकतात. थर्मासमध्ये भरून ऑफिसला मात्र नेऊ नका, दुपारपर्यंत तपकिरी काढा होतो.

आता झिप.

पानं वळलेली आणि ठिसूळ. चमचा आत-बाहेर होताना चुरा खोबणीत जाऊन बसतो. बोट फिरवलं की झिप लागल्यासारखी वाटते, पण डाव्या कोपऱ्यात बोटभर जागेत ती बसतच नाही. तपासायचं असेल तर आत थोडी हवा ठेवून बंद करा, पाऊच गालाजवळ धरून हलकं दाबा. फुंकर लागली की समजायचं. मे अखेरपर्यंत हे खपून गेलं. पाऊस लागला आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या शंभर ग्रॅमची पानं चिमटीत मोडेनाशी झाली, नुसती वाकायला लागली. कोरडं पान कटकन तुटलं पाहिजे. वासाची परीक्षा आणखी सोपी: कप गरम पाण्याने विसळून ओता, त्यात कोरडी पानं टाकून अर्धा मिनिट झाका आणि हुंगा. ताज्या चहाला ओल्या गवताचा, थोडा भाजक्या मक्याचा वास येतो. याला पुठ्ठ्याचा येत होता.

एवढ्याशा झिपेवर इतकं का, तर पाऊचवर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट्सने भरपूर’ लिहिलंय म्हणून. ग्रीन टीची पानं खुडल्यावर वाफवून किंवा कढईत परतून त्यातलं ऑक्सिडेशन घडवणारं एन्झाइम मारतात, त्यामुळे ईजीसीजीसारखे (ग्रीन टीतला मुख्य कॅटेचिन) कॅटेचिन जसेच्या तसे राहतात. काळ्या चहात तेच ऑक्सिडाइज होऊन थिआफ्लेविन, थिआरुबिजिन ही तांबूस द्रव्यं होतात. पण एन्झाइम मेलं म्हणून हवा थांबत नाही. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की सावकाश का होईना, ते काम चालूच राहतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिजनशी आधी स्वतः भिडणारा पदार्थ. त्याने ती कुस्ती कपाऐवजी पाऊचमध्येच उरकली तर 450 रुपये कशाचे?

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘उघडल्यानंतर हवाबंद डब्यात ठेवावे.’ मग झिप काय शोभेला लावली?

सादळलेली पानं मंद आचेवर तव्यावर दोन मिनिटं परतली तर ओलावा जातो आणि खमंग वास येतो, प्यायलाही बरी लागतात. गेलेले कॅटेचिन परत येत नाहीत. पाऊणशे रुपये वाचवायला गेलो आणि 180 रुपयांचा चहा तव्यावर गेला.

जुलैपासून दुसरं पाऊच चालू आहे. तेच, तीच झिप. फरक इतकाच की उघडताच साठेक ग्रॅम घट्ट झाकणाच्या स्टीलच्या छोट्या डबीत काढले, जांभळी नाक्याला मिळते तसली. उरलेल्या पाऊचच्या खोबणीतला चुरा कोरड्या ब्रशने झाडला, हवा दाबून काढली, झिपखाली दोन घड्या घालून चिमटा लावला. डबी गॅसच्या वरच्या फळीवर नाही आणि मसाल्यांच्या शेजारी तर नाहीच. चहा वास धरतो, गोड्या मसाल्याचा ग्रीन टी कुणाला नको असतो. उघडं पाऊच फ्रिजमध्येही नको, बाहेर काढलं की पानांवर दव धरतं. ऑक्टोबर उजाडला तरी पान तुटतंय.

पाऊचच्या मागे बाकी फळांच्या ‘कित्येक पट’ अँटिऑक्सिडंट्सचा तक्ता आहे. आधी तो भारी वाटला होता, आता तेवढी जागा वाया वाटते. असे आकडे सहसा परीक्षानळीतल्या ओरॅक चाचणीचे (पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारी) असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला ओरॅकचा तक्ता 2012 मध्येच काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या. ‘जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त फायदा’ हेही खरं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, 1994 मध्ये निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला निघाला. ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल त्याच पंगतीतल्या: दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात (यकृताला इजा होत असल्याची खूण), असा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा 2018 चा निष्कर्ष आहे. कपातल्या चहाला सहसा ही भीती नाही.

कपाची खरी अडचण लोहाची. पालेभाजी-डाळीतलं लोह चहातले पॉलिफेनॉल धरून ठेवतात. म्हणून जेवणाच्या आधी-नंतर किमान तासभर नाही, आणि लोहाची गोळी चालू असेल तर तिच्या आसपासही नाही. पाऊचवर उलट लिहिलंय, ‘जेवणानंतर लगेच घ्या’. याचाही अर्धा तारा कापायला हवा होता, पण अर्धा देता येत नाही.

वजन उतरेल म्हणून घेणार असाल तर पैसे ठेवा. अँटिऑक्सिडंट्ससाठीच घेणार असाल तर जूनमधली बदलापूरची जांभळं, कोकमाचं आगळ, लाल कांदा, तेलात शिजवलेला टोमॅटो (त्यातलं लायकोपीन हे लाल द्रव्य तसंच नीट शोषलं जातं) हे सगळं याच्याआधी. चहा चवीसाठी. चव चांगली आहे, हे मान्य.

पुढच्या वेळी 100 ग्रॅमचं. त्यालाही हीच झिप आहे, पण तेवढा चहा सगळाच दोन डब्यांत मावतो.