सीएफडब्ल्यू ४५५ सिरॅमिक फिल्टर : पावसाळा काढल्यानंतर

अख्खा पावसाळा ठाण्यात उलटला, तरी घरच्या मीडियम वेव्ह रेडिओ सेटचा आयएफ (४५५ किलोहर्ट्झचा मधला टप्पा, जिथे हवं ते केंद्र गाळून घेतात) परत जुळवावा लागला नाही. आधीच्या सेटमध्ये सगळे आयएफटी (आतला कोअर फिरवून जुळवायचे आयएफ ट्रान्सफॉर्मर) होते, दमट हवा लागली की कोअर फिरवत बसायचं. या एका गोष्टीवर सिरॅमिक फिल्टरचे पैसे वसूल.

माझा राग आहे तो फिल्टरच्या नावातल्या अक्षरावरून; फिल्टर किती रुंद पट्टा आत सोडतो ते हे अक्षर सांगतं. ऑनलाइन विक्रेत्याकडे एफ मागवला, पाकिटातून एच निघाला. तक्रार केली तर उत्तर, "चालेल, ४५५च आहे." नाही चालत! एफ म्हणजे ४५५च्या दोन्ही बाजूंना ±६ किलोहर्ट्झ, एच म्हणजे ±३. तीन किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गेला की 'स' जातो, कारण त्याची धार त्याच्याही वर असते. बातम्यांत 'सातारा', 'सांगली' आलं की 'स' थेट 'फ'कडे झुकायचा. 'शहापूर'मधला 'श' मात्र कळायचा, त्याची धार खालून सुरू होते. आईला प्रत्येक गावाचं नाव दोनदा विचारावं लागायचं. परत पाठवायचं कुरिअर फिल्टरपेक्षा महाग, म्हणून तो तसाच ठेवला आणि मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन जुन्या साठ्यातला एफ आणला. अंगावरचं अक्षर वाचूनच पैसे दिले.

एफ बसवल्यावर दिवसा ५५८ किलोहर्ट्झवरची आकाशवाणीची अस्मिता वाहिनी अशी स्वच्छ लागली की एच फेकून द्यावा असं वाटलं. पण अंधार पडला की ५४९ आणि ५६७ वरची लांबची केंद्रं वर येतात, आणि त्यांची किचकिच एफमधून आत घुसते. तेव्हा एचच कामाला येतो. म्हणून आता दोन्ही ठेवलेत, मध्ये स्विच. फिल्टरच्या दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या आणि तारा अगदी आखूड ठेवायच्या, नाहीतर सिग्नल फिल्टरला वळसा घालून पुढे जातो.

एफ असो वा एच, दोन्ही टोकांना साधारण २ किलोओहम इम्पीडन्सचा मेळ हवाच, नाहीतर पासबँडला (फिल्टर जो पट्टा जाऊ देतो त्याला) उंचवटे येतात. आणि पुढे एक आयएफटी राहू द्या. सिरॅमिक जवळचं कडक कापतं, पण ४५५ पासून बरंच लांबचं काही सोडूनही देतं. शिवाय त्यातून डीसी जात नाही, पुढच्या ट्रान्झिस्टरचा बायस (तो चालू ठेवणारा डीसी पुरवठा) वेगळा द्यावा लागतो.

त्या विक्रेत्याकडून मात्र पुन्हा काही घेणार नाही.