कमरेचा पट्टा: कधी कामाचा, कधी पैसे पाण्यात

रत्नागिरी असो की मालवण, मेडिकलच्या काउंटरवर ‘कंबर धरलीय’ एवढं म्हटलं की दुकानदार मागच्या फळीवरून एल.एस. बेल्टचा, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचा, खोका काढतो. टायनॉर, विस्को यांचे असतात, बिननावाचेही असतात. निकाल आधीच सांगून टाकू. उसण भरल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस उठबस सुसह्य व्हावी यासाठी वस्तू चांगली. जुनं दुखणं बरं व्हावं म्हणून वर्षभर बांधणार असाल तर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) हे दोन्ही नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असंच म्हटलंय.

पट्टा दोनच कामं करतो: कमरेतून वाकणं-वळणं थोडं अडवतो आणि पोटाला आधार देतो. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली किंवा पाचव्याच्या खालची सरकलेली गादी तो आत ढकलत नाही. पायात कळ उतरते ती बहुतेक वेळा याच दोन जागांवरून.

सगळ्यात जास्त गोंधळ मापात होतो. पँटचा नंबर सांगून पट्टा घेतला की तो हमखास चुकतो. टेप लावा, आणि घेर बेंबीजवळचा मोजायचा की नितंबांचा ते खोक्यावरच्या चित्रात बघा. दोन कंपन्यांचा तक्ता एक नसतो. बांधताना उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा. बोटांना हाडाच्या कडा लागतात. त्यांना जोडणारी रेघ चौथ्या मणक्याजवळून जाते. पट्ट्याची रुंदी या रेघेच्या वर-खाली साधारण सारखी आली पाहिजे. मागच्या ताठ पट्ट्या कण्याच्या हाडावर न येता दोन्ही अंगांना बसाव्यात. श्वास सोडून आधी मोठं वेलक्रो लावा, मग बाजूचे इलॅस्टिक दोन्ही हातांनी एकदमच ओढा. एक बाजू आधी ओढली की पट्टा तिरका होतो. आत दोन बोटं सरकली पाहिजेत. मग खुर्चीत बसून बघा: खालची कड जांघेत रुतली किंवा वरची फासळ्यांपर्यंत चढली तर माप बदलून घ्या. खोका उघडून घालून बघू न देणाऱ्या दुकानात हा व्यवहार करूच नये.

आता आपल्या हवेचं. निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा) जाड पट्टा दिसायला भारदस्त, पण एप्रिल-मेच्या घामात खाली घामोळं आणि मग नायटा ठरलेला. जाळीदार इलॅस्टिकचाच घ्या, खाली सुती बनियन घाला. ताठ पट्ट्या पोलादी असतील तर खाऱ्या हवेत गंजतात. टोकावरची प्लॅस्टिकची टोपी निघाली की तिथून सुरुवात होते, कप्प्यावर तांबूस डाग दिसतो आणि पुढे ते टोक कापड फाडून पाठीला टोचतं. ॲल्युमिनियमच्या चांगल्या, हाताने वाकवून पाठीच्या बाकाला जुळवताही येतात. कप्पे शिवून बंद केलेले नाहीत ना ते बघा, कारण धुताना पट्ट्या काढाव्या लागतात. वेलक्रो बंद करून थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. बंदरावर वावरणाऱ्यांच्या वेलक्रोत वाळू आणि माशांचे खवले अडकून पकड जाते. जुना टूथब्रश फिरवला की बरीचशी परत येते.

वापर किती? प्रवास, स्वयंपाकाला उभं राहणं, अशा वेळी एका दमाला दोन-तीन तास, झोपताना काढून. दुखणं उतरलं की तास कमी करत पट्टा सोडायचा. भाताच्या लावणीला तो निरुपयोगीच: तासन्तास वाकून राहायचं काम पट्ट्याने सोपं होत नाही, उलट पोटात रुततो. त्यापेक्षा वीसेक मिनिटांनी ताठ उभं राहून हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुका. आंब्याच्या पेट्या उचलणाऱ्यांना पट्टा बांधला की जोर वाढल्यासारखा वाटतो, आणि तिथेच घात होतो. निरोगी कामगाराची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही, असं कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने 1994 मध्येच सांगून ठेवलंय. पेटी अंगाशी धरा, वळायचं तर पाय वळवा.

पट्ट्याच्या जोडीला खरं काम व्यायामाचं. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, कंबर उचलून पाच सेकंद धरा, असं दहा वेळा. रोज चाला. अंथरुणाला खिळून पडण्याने कंबर अजून आखडते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस ठीक. पण बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पायात उतरणारी कळसुद्धा बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. नाही ओसरली तर मणक्याजवळचं स्टेरॉइडचं इंजेक्शन, जे काही काळापुरतं आराम देतं, किंवा गादीचा बाहेर आलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेने पायाची कळ जशी जाते तशी नुसती कंबरदुखी जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा हर्निया असेल तर पट्टा विचारूनच बांधा. पावसाळ्यात शेवाळावरून घसरलेल्या आजीची कंबर दुखत असेल तर आधी एक्स-रे. ठिसूळ मणका दबला असेल तर हा पट्टा बहुधा त्या जागेपर्यंत पोचतच नाही, वेगळा उंच ब्रेस लागू शकतो. ताप, वजन उतरणं किंवा पूर्वीचा कॅन्सर असेल तरी तपासणी आधी. पाऊल लुळं पडून चप्पल निसटू लागली तर वाट बघू नका. आणि लघवी अडली, नकळत झाली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेलं रुग्णालय गाठा, तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला. लघवी सांभाळणाऱ्या कण्यातल्या नसांवरचा दाब जितक्या लवकर निघेल तितकी लघवीवरची पकड परत येण्याची शक्यता जास्त.